जळगावचा पेशंट धुळ्याला, धुळ्याचा जळगावला

ऑफिसखालच्या चहाच्या टपरीवर पाच मिनिटं नुसते कान उघडे ठेवून उभे राहा. ‘आमचा बॉस टोटल सायको आहे यार.’ ‘ती ना, बायपोलर आहे. सकाळी गोड बोलते, संध्याकाळी ओळख दाखवत नाही.’ ‘क्लायंट मेंटल आहे, सोड.’ टपरी पुण्याची असेल तर कुणाला तरी येरवड्याला पाठवलं जातं, मुंबईची असेल तर ठाण्याला. सगळे हसतात, कटिंग संपतो, आपण वर जाऊन पुन्हा एक्सेल उघडतो.

मी काही भाषेची पोलीस नाही. पण एक गंमत बघा. ज्यांना कुठलाही मानसिक आजार नाही, त्यांच्यासाठी आपल्याकडे अर्धा डझन शब्द तयार आहेत. आणि ज्याला खरोखर आजार आहे, त्याच्याबद्दल घरात बोलायची वेळ आली की सगळ्यांची मिळून एकच ओळ असते, तीही आवाज खाली आणून : ‘त्याला जरा बरं नसतं.’

आमच्या नात्यात हे ‘जरा बरं नसणं’ गेली अकरा वर्षं चाललंय. आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया. पेशंट माझा मावसभाऊ. जळगावचा. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. त्याचं खरं नाव इथे नाही. तो म्हणाला होता, ‘टाक की नाव, मला काय फरक पडतो?’ मावशी म्हणाली, ‘नाव टाकलंस तर माझ्या घरी पाय ठेवू नकोस.’ कारण दादाच्या धाकट्या बहिणीसाठी स्थळं बघणं चालू आहे. म्हणजे मानसिक आजाराची लाज सोडा असं सांगायला बसलेल्या कॉलममध्येही पेशंट बिननावाचाच! परिस्थिती ही अशी आहे, आणि मावशीच्या अटीवरच मी हे लिहितेय.

चौदा महिने

दादा तेव्हा एकवीस वर्षांचा होता, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. सुरुवात अजिबात फिल्मी नव्हती. आधी तो मित्रांचे फोन उचलेना. मग मेसचं जेवण बंद केलं, त्यात काहीतरी घालतात म्हणे. मग रूमवरचा पंखा उतरवून ठेवला, कारण त्यात माइक बसवलाय. घरी आणला तेव्हा तो रात्र रात्र जागा असायचा आणि हळू आवाजात कुणाला तरी उत्तरं द्यायचा. खूप नंतर त्याने मला सांगितलं, ‘दोन माणसं बोलायची. माझ्याशी नाही गं, माझ्याबद्दल. आता हा उठला, आता हा पाणी पिणार. मॅच माझी आणि कॉमेंट्री त्यांची.’

घरात प्रत्येकाचं निदान वेगळं. काका म्हणाले, अभ्यासाचं टेन्शन. आत्याला खात्री होती की पोरीचं प्रकरण आहे. आजी म्हणाली, नजर. मग लिंबू झाले, अंगारा झाला, सातपुड्याच्या पायथ्याशी एका भगताकडे तीन वाऱ्या झाल्या. तिसऱ्या वारीत त्याला बांधून ठेवायची भाषा सुरू झाली, तेव्हा काका त्याचा हात धरून उठून आले. (भूत उतरवतो म्हणून माणसाला बांधणं, मारणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ मध्ये, तो कायदा झाला.)

आजीला नावं ठेवणं सोपं आहे. पण तिला जे उत्तर माहीत होतं ते तिने दिलं. आमच्या खानदानात दोन डॉक्टर आहेत, तीन इंजिनिअर आहेत आणि मास कम्युनिकेशनवाली मी तेव्हा शाळेत होते. चौदा महिन्यांत त्या शिकलेल्या मंडळींपैकी एकानेही ‘मानसोपचारतज्ज्ञ’ हा शब्द उच्चारला नाही. कारण तो उच्चारला की आजार खरा होणार होता. आणि या आजारात उपचार जितके लवकर, तितकी गाडी रुळावर येण्याची शक्यता जास्त. ते चौदा महिने दादाला परत मिळालेले नाहीत.

वेटिंग रूममधले दात आणि डोळे

जळगावात मानसोपचारतज्ज्ञ नव्हते असं नाही. होते की! रिक्षाने दहा मिनिटांवर. पण दवाखान्याची पाटी मेन रोडला आणि समोरच ओळखीच्या माणसाचं दुकान. मग ठरलं, धुळे. पाळधी, एरंडोल, पारोळा करत नव्वदेक किलोमीटर. सकाळची पहिली एस.टी., शेजाऱ्यांना सांगायचं कारण ‘लग्नाला चाललोय’.

धुळ्याच्या त्या दवाखान्यात मावशी डोक्यावरून पदर घेऊन, भिंतीकडे तोंड करून बसली होती. समोरच्या बाकावर आणखी एक बाई, तसाच पदर, शेजारी मान खाली घातलेली मुलगी. एका क्षणी दोघींची नजरानजर झाली. त्या बाई मावशीच्याच कॉलनीतल्या, दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या!

‘अहो वहिनी, तुम्ही इकडे कशा?’

‘मुलाचे डोळे दाखवायला आणलंय. तुम्ही?’

‘आमच्या हिचे दात...’

मावशी सांगते, आधी कुणाला हसू फुटलं ते आता आठवत नाही. पण दोघी इतक्या हसल्या की कंपाउंडर बाहेर आला. आणि हसता हसता दोघींच्याही डोळ्यांना पदर लागला. कंपाउंडर म्हणाला, ‘काकू, लाजू नका. इथे निम्मे तुमच्याकडचेच असतात. आमच्या धुळ्याचे लोक तिकडे जळगावला जातात.’

हे वाक्य मी विसरू शकत नाही. एकाच हायवेवरून दोन गावांची दुखणी एकमेकांना क्रॉस होतायत. पारोळ्याच्या स्टँडवर दोन्हीकडच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहत असतील, खिडकीतून एकमेकांकडे न बघता.

ज्या जिल्ह्याने बहिणाबाई दिल्या, ज्यांची मनावरची कविता आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केली, ज्यांचं नाव २०१८ मध्ये तिथल्या विद्यापीठाला मिळालं, त्या जिल्ह्यात मनाच्या डॉक्टरकडे जायला डोक्यावर पदर ओढावा लागतो.

आणि या लपवण्याची किंमत नुसती तिकिटाची नसते. दुसऱ्या वर्षी काकांना सुट्टी मिळाली नाही, मग पाऊस लागला, मग खरोखरच घरात एक लग्न निघालं. धुळ्याच्या दोन फेऱ्या चुकल्या, गोळ्या संपल्या, ‘तसा तो आता बराच आहे’ म्हणून आठवडा गेला, महिना गेला. आणि कॉमेंट्री पुन्हा सुरू झाली. या खेपेला दादाला अॅडमिट करावं लागलं. दवाखाना दहा मिनिटांवरचा असता तर गोळ्या संपल्याच नसत्या. म्हणजे त्याला पुन्हा आजारी कुणी पाडलं? ज्याला इंग्रजीत स्टिग्मा म्हणतात, तो आमच्या घरी असा आला. कुणी दगड मारले नाहीत, कुणी शिव्या दिल्या नाहीत. फक्त नव्वद किलोमीटर वाढवले.

नाव मोठं, गैरसमज त्याहून मोठे

‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये वापरात आणला. ग्रीक मुळांवरून अर्थ काढला तर ‘दुभंगलेलं मन’. घोटाळा तिथेच झाला. लोकांना वाटलं, एका माणसात दोन माणसं. तसं अजिबात नाही. एकाच व्यक्तीत दोन-तीन व्यक्तिमत्त्वं, हा सिनेमावाल्यांचा लाडका प्रकार पूर्णपणे वेगळा. स्किझोफ्रेनियात विचार, भावना आणि अनुभव यांची सांगड सुटते. नसलेले आवाज ऐकू येतात, कुणीतरी मागावर असल्याची पक्की खात्री वाटते. आणि तिसरी गोष्ट, जी बाहेरच्यांना दिसतच नाही : माणूस आतून विझल्यासारखा होतो. उठावंसं, बोलावंसं, आंघोळ करावीशी वाटत नाही. नातेवाईक त्याला ‘आळशीपणा’ म्हणतात. जपानमध्ये तर रोगाच्या नावातच ‘फाटलेलं मन’ होतं. पेशंटच्या कुटुंबांनी आग्रह धरल्यावर तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २००२ मध्ये ते अधिकृतपणे बदललं. आपण ‘महारोग’ सोडून ‘कुष्ठरोग’ म्हणायला लागलो, तसंच.

आता आपल्या वयाच्या लोकांनी लक्ष द्यावं अशी गोष्ट. हा आजार बहुतेक वेळा सुरू होतो तो किशोरवयाच्या शेवटापासून तिशीपर्यंतच्या काळात. म्हणजे कॉलेज, पहिली नोकरी, पहिलं शहर. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात सव्वादोन ते अडीच कोटी लोकांना तो आहे, साधारण तीनशे-साडेतीनशे माणसांत एक. २०११ च्या जनगणनेत जळगाव आणि धुळे हे दोन जिल्हे मिळून लोकसंख्या सुमारे ६३ लाख होती. तुम्हीच भागाकार करा. अठरा-वीस हजार माणसं येतात. एवढी माणसं आहेत कुठे? आपल्याला दिसतात ती फक्त रस्त्यावर फाटक्या कपड्यांत फिरणारी. बाकीची घरात आहेत, मागच्या खोलीत, ‘जरा बरं नसतं’ या ओळीखाली.

निमहान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांसाठी उपचारांपासून वंचित असलेल्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं. डॉक्टर कमी आहेत, हे खरंच. महाराष्ट्रातली चार जुनी सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. खान्देशात एकही नाही. पण धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावलाही २०१८ पासून आहे, दोन्हीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे. दार उघडं आहे. दारात दिसायची लाज वाटते.

आणि हो, ‘हे लोक अंगावर येतात’ ही भीती. बहुसंख्य पेशंट कुणाला इजा करत नाहीत, उलट त्यांनाच मारहाण आणि फसवणूक जास्त सोसावी लागते. आणि ‘हा कधी बराच होत नाही’ हेही चूक. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, किमान तीनातला एक पूर्ण बरा होऊ शकतो. बाकीच्यांपैकी पुष्कळ जण डायबेटिसवाल्यांसारखे गोळ्या घेऊन नोकरी-धंदा करतात. गोळ्यांचा त्रास होतो, खोटं कशाला बोला? वजन वाढतं, झोप येते, काहींचे हात थरथरतात. त्यावर उपाय म्हणजे डॉक्टरांना सांगून गोळी किंवा डोस बदलणं. मनानेच गोळी बंद करणं नव्हे.

कॅल्गरीतले धुळेकर

या लपवाछपवीत मला नेहमी एक धुळेकर आठवतात. डॉ. जगन्नाथ वाणी. मूळचे धुळ्याचे, पुढे कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. आता विचार करा, लपवायचंच असतं तर त्यांच्याइतकी सोय कुणाला होती? आपण नव्वद किलोमीटर जातो, ते तर सातासमुद्रापलीकडे होते. गावाकडे कुणाला पत्ता लागला नसता.

त्यांनी उलटं केलं. १९९७ मध्ये पुण्यात संस्था काढली आणि तिचं नाव ठेवलं स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन. जरा नावाकडे बघा. ‘आशा’, ‘दिलासा’, ‘मनमंदिर’ असं काही गोड नाही. ज्या शब्दाने लोक दचकतात तोच शब्द पाटीवर. तिथे पेशंट येतात आणि त्यांच्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे त्यांचे आईवडील, नवरा, बायको, भाऊ, बहीण येतात. एकमेकांना सांगतात, काल रात्री काय झालं, कुठल्या गोळीने तोंड सुकतं, चिडलेल्या मुलाशी कसं बोलायचं. धायरीला त्यांचं पुनर्वसन केंद्र आहे. थोडक्यात सांगायचं तर, मावशी आणि त्या दोन गल्ल्यांपलीकडच्या काकू वेटिंग रूममध्ये अपघाताने भेटल्या, तशी भेट इथे ठरवून, वेळापत्रक लावून होते.

वाणीसरांचा दुसरा उद्योग तुम्ही पाहिला असेल. ‘देवराई’, २००४. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर या जोडीचा चित्रपट, त्यात शेष झालेला अतुल कुलकर्णी आणि त्याची बहीण झालेली सोनाली कुलकर्णी. या चित्रपटामागे वाणी उभे होते. त्याआधी पडद्यावरचा ‘वेडा’ म्हणजे एक तर पिंजारलेल्या केसांचा विनोद, नाही तर हातात सुरा. २००१ मध्ये ‘अ ब्यूटिफुल माइंड’ आला, नोबेल मिळवणारे जॉन नॅश कळले, पण ते लांबच्या प्रिन्स्टनमधले जीनियस. ‘देवराई’तला शेष कोकणातला आहे, मराठी बोलतो आणि त्याला सांभाळताना बहिणीचा संसार कसा ताणला जातो हेही कॅमेरा दाखवतो. पेशंटला मायेने दाखवलं आणि घरच्यांच्या थकव्यालाही जागा दिली. आमच्या मावशीने तो पाहिला तेव्हा ती दादाबद्दल एक शब्द बोलली नाही. म्हणाली, ‘त्या बहिणीला कोणी विचारतं का, तू जेवलीस का म्हणून?’

वाणी २०१७ मध्ये गेले. त्याच वर्षी संसदेने मानसिक आरोग्यसेवा कायदा केला, जो २०१८ मध्ये लागू झाला. उपचार मिळणं हा हक्क, माहिती गुप्त राहणं हा हक्क. आणि विमा कंपन्यांनी शरीराच्या आजाराला जसं कव्हर द्यायचं तसंच मनाच्याही आजाराला द्यायचं, हेही त्यातच आहे. तुमची ऑफिसची ग्रुप पॉलिसी एकदा उघडून बघा.

गुण जुळले, पण...

आता खऱ्या दुखण्याकडे येऊ. खान्देशात, आणि खरं तर सगळ्याच महाराष्ट्रात, हा आजार लपवला जातो तो लग्नापायी. मुलाला आजार असेल तर सल्ला येतो, ‘लग्न करून टाका, बरा होईल.’ मुलीला असेल तर लग्न होतं, आजार कळतो आणि तिला बॅगेसकट माहेरी आणून सोडतात. वेटिंग रूममधली ती दातवाली मुलगी अशीच परत आलेली होती. आजार एकच. एकाला बायको देतात, दुसरीचा नवरा काढून घेतात.

कायदा काय म्हणतो? हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाच्या कारणांमध्ये स्किझोफ्रेनियाचं नाव चक्क लिहिलेलं आहे, १९७६ पासून. (कुष्ठरोगही होता, तो २०१९ मध्ये काढला.) पण सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगून ठेवलंय की नुसतं लेबल पुरेसं नाही. आजार इतका तीव्र हवा की त्या माणसाबरोबर राहण्याची अपेक्षाच करता येऊ नये. २०१३ मध्ये एका डॉक्टर दांपत्याच्या खटल्यात न्यायालयाने पुन्हा तेच म्हटलं आणि नवऱ्याला घटस्फोट नाकारला. उलट, लग्नाआधी महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली तर तेच लग्न रद्द करून मागता येतं. आलं लक्षात? आपण ज्या लपवण्याला सेफ्टी समजतो, कायद्याच्या भाषेत तीच फसवणूक ठरू शकते.

दादाची बहीण सत्तावीस वर्षांची, पुण्यात आय.टी.मध्ये. म्हणजे अगदी तुमच्या-माझ्यासारखी. तिच्या बायोडेटात ‘भाऊ – १’ एवढंच लिहिलेलं. ती म्हणाली, कांदेपोह्यांच्या आधी मुलाला फोनवर सांगायचं. मावशी म्हणाली, ठरल्यावर सांगू. काका नेहमीप्रमाणे पेपर वाचत राहिले. शेवटी बहिणीने ऐकलं नाही.

पहिल्या स्थळाने शांतपणे ऐकून घेतलं, ‘कळवतो’ म्हणाले. आधी ३१ गुण जुळले होते. चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका पुन्हा दाखवली, एकनाडी दोष निघाला. ज्यांना हे गणित येतं ते आताच हसले असतील. एकूण गुण ३६, त्यात नाडीचे ८. नाडी गेली तर ३१ उरतातच कुठून? दुसऱ्या स्थळाने निदान खरं सांगितलं, ‘आम्हाला आनुवंशिकतेची भीती वाटते.’ ही भीती मला अपमान वाटत नाही. प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर आहे. सख्ख्या भावाला स्किझोफ्रेनिया असेल तर बहिणीला तो होण्याची शक्यता साधारण दहात एक. म्हणजे दहात नऊ नाही. तिच्या मुलांच्या बाबतीत ती शक्यता आणखी बरीच कमी. ज्या घरांत डायबेटिस आणि हार्ट अटॅक पिढीजात आहेत, त्या घरांत आपण मुली देतोच ना? मग आकडा विचारा, ऐका, डॉक्टरांना भेटा आणि मग हो किंवा नाही म्हणा. नाडीवर ढकलू नका.

तिसऱ्या मुलाने फोनवर ऐकून एकच प्रश्न विचारला, ‘दादांना भेटता येईल?’ गेल्या महिन्यात तो जळगावला येऊन गेला. भरीत-भाकरी झाली. दादाने त्याला स्वतःच सगळं सांगितलं, कॉमेंट्रीसकट. पुढचं अजून ठरायचं आहे. नाही ठरलं तरी मावशीच्या घरात हा विषय पहिल्यांदा पाहुण्यासमोर, हॉलमध्ये, नेहमीच्या आवाजात बोलला गेला.

दहाला ये, नवाला नको

आणि दादा? इंजिनिअरिंग सुटलं ते सुटलंच. नंतर त्याने बी.कॉम. केलं. चार वर्षं तो एका ठिबक सिंचनाच्या डीलरकडे अकाउंट्स बघतो. नोकरी लागताना त्याने मालकाला आजार सांगितला. मालकाने विचारलं, ‘गोळ्या वेळेवर घेतोस ना? मग सकाळी दहाला ये, नवाला नको.’ कारण रात्रीच्या गोळीने सकाळी डोकं जड असतं. बास. मालक सातवी शिकलेला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे आणि कामाच्या ठिकाणी अशी सोय करून देण्याची कल्पनाही आहे, हे त्याला माहीत असण्याचं कारण नाही. आपल्या काचेच्या ऑफिसांतल्या एच.आर.ला मात्र माहीत असतं. प्रश्न इतकाच की तिथे हे सांगायची कुणाची हिंमत होते?

म्हणून आपल्यासारख्यांसाठी चार साध्या गोष्टी.

एक. शेजारच्या डेस्कवरचा मुलगा अचानक गप्प, एकटा, संशयी झाला, झोप उडाली, कामात घसरला, तर ‘अॅटिट्यूड आलाय’ म्हणू नका. एकट्याला गाठून विचारा. त्याच्या वतीने निदान करू नका, पण डॉक्टरकडे जाताना बरोबर जा.

दोन. त्याला आवाज ऐकू येतात म्हणाला तर वाद घालू नका आणि हो ला हो पण करू नका. ‘मला ऐकू येत नाहीत, पण तुला त्रास होतोय हे दिसतंय’ एवढं पुरतं. घरातल्या सततच्या टोमण्यांनी आणि आरडाओरड्याने आजार उलटण्याची शक्यता वाढते, हे लंडनमधल्या संशोधकांनी १९६०च्या दशकापासून दाखवून दिलंय.

तीन. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर सेव्ह करा. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेली ही हेल्पलाइन आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही. त्यासाठी ना एस.टी. पकडावी लागते ना पदर घ्यावा लागतो.

चार. ‘सायको’ आणि ‘मेंटल’. वापरायचं तर वापरा, मी टपरीवर येऊन पावती फाडणार नाही. फक्त एक लक्षात असू द्या. चौघांच्या घोळक्यात एखाद्याचा भाऊ, आई किंवा तो स्वतः गोळ्या घेत असू शकतो. तुमच्या जोकवर तो हसतो आणि मनात नोंद करतो की इथे सांगायचं नाही. तुम्ही त्याचे नव्वद किलोमीटर वाढवलेले असतात, आणि तुम्हाला पत्ताही नसतो.

दादा दोन महिन्यांपूर्वी धुळ्याचे डॉक्टर सोडून जळगावातल्या डॉक्टरांकडे जायला लागला. स्वतःच्या स्कूटीवरून, मेन रोडने. पहिल्याच दिवशी समोरच्या दुकानदाराने हाक मारली, ‘काय व्हयनं भो? इकडे कसा?’

दादा म्हणाला, ‘डोक्याच्या डॉक्टरकडे आलोय. तुमच्याकडे चहा मिळेल का?’

मिळाला म्हणे. जास्त साखरेचा.